आतल्या बंदाची जागा

सकाळी साडेसहाला धाकटीने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे दोन कप विसळून उपडे घातले, टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसले आणि त्यावर जुनी चादर दुहेरी करून अंथरली. चादरीच्या कडा तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टेबलाच्या काठाला पकडून ठेवल्या. इस्त्री तापत ठेवली. खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, कारण अंधूक उजेडात गडद निळ्या कापडावर पांढरा खडूसुद्धा फसवतो. नवरा पहाटेच्या पाळीला गेला होता. जाताना त्याने नेहमीप्रमाणे नळ अर्धवट बंद केला होता आणि नेहमीप्रमाणे तिने तो घट्ट केला. नऊ वाजता तिला रुग्णालयाच्या शिवणखोलीत हजर व्हायचे होते. म्हणजे हातात दोन तास होते, आणि एक रॅप स्कर्ट कापायला तेवढे पुरेसे होते.

दोघी बहिणींत ती धाकटी, म्हणून तिला धाकटीच म्हणत. पन्नाशीला टेकली तरी ते नाव सुटले नव्हते, आणि शिवणखोलीतल्या बायकांनीही तेच उचलले होते. सव्वीस वर्षे ती तिथे फाटक्या चादरींना ठिगळे लावत आणि रुग्णांच्या झग्यांचे तुटलेले बंद पुन्हा बसवत आली होती. माणूस घाईत असो, वेदनेत असो की शुद्धीवर नसो, तो सगळ्यात आधी ओढतो तो बंद, हे तिला अनुभवाने माहीत होते. तिने लावलेला बंद सहसा तुटत नसे. तुटला तर सोबत कापड घेऊन येई.

मोठी बहीण, म्हणजे ताई, टपाल कार्यालयात पार्सलांच्या खिडकीवर बसे. चार महिन्यांपूर्वी तिनेच विषय काढला होता.

"दिवसभर बसून हुक पोटात रुततं गं. दोन घास खाल्ले तरी फुगल्यासारखं होतं. काहीतरी सैल शिवून दे."

"मग गुंडाळायचा स्कर्ट शिवते. हुक नाही, चेन नाही. नुसता बांधायचा. जमेल ना बांधायला?"

"बत्तीस वर्षं लोकांची पार्सलं बांधतेय. स्वतःला बांधता येणार नाही होय?"

तेव्हा मापे घेताना ताईची मुलगी वही घेऊन बसली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. आता ती आई आणि मावशी दोघींपेक्षा उंच झाली होती, पण मावशीने टेप लावायची, आकडा सांगायचा आणि चिमणीने तो वहीत लिहायचा, ही तिच्या सहाव्या वर्षापासूनची पद्धत कोणी मोडली नव्हती. वहीत तिच्या हातचे ठळक अक्षर होते: ताई, कंबर छत्तीस.

स्कर्ट साधा होता. तीन कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे, आणि वर रुंद कमरपट्टी. आतल्या टोकाला एक वीतभर बंद. तो कमरपट्टीच्या आतून शिवलेल्या दुसऱ्या छोट्या बंदाला बांधायचा. मग वरचा भाग त्यावर चढवून बाहेरचे लांब बंद मागून फिरवून पुढे गाठ मारायची. बाहेरचे बंद कसेही कमीजास्त करता येतात. आतला छोटा बंद मात्र कमरेच्या मापावरच बसवावा लागतो. त्याची जागा चुकली तर आतला भाग खाली ओघळतो.

आता ताईला तसाच दुसरा हवा होता. परवा संध्याकाळी ती जुना स्कर्ट देऊन गेली होती, तीही दारातूनच. "माप घ्यायची गरज नाही. यावरूनच काप," एवढे म्हणून जिना उतरली होती.

धाकटीने पिशवीतून जुना स्कर्ट काढला आणि तिचा हात थबकला. स्कर्टला इस्त्री केलेली होती. ताईचे कपडे सुरकुत्यांसकट कामावर जात; टपालाच्या पिशव्यांना कोण इस्त्री करतं, असे ती वर विचारत असे. इथे तर कमरपट्टीची घडीसुद्धा दाबून बसवलेली होती.

तिने स्कर्ट उलटा केला. शिवणारी बाई कपडा आधी उलट्या बाजूने बघते, ही सवय होती, संशय नव्हता.

आतला छोटा बंद आपल्या जागीच होता. पण तो तिने लावलेला नव्हता. ती बंद मशीनवर लावत असे, चौकोन आणि मध्ये फुली. हा हाताने लावलेला होता, काळ्या दोऱ्याने, पार्सलाच्या कापडाला घालतात तशा लांब, आवळलेल्या टाक्यांनी. तिला वाटले, तुटला असेल, ताईने लावला असेल. मग खिडकीच्या उजेडात तिने कमरपट्टी ताणून धरली आणि तिला भोके दिसली.

दाट विणीच्या कापडात सुई गेली की दोरा काढला तरी भोक राहते. इस्त्रीने ते जात नाही. बंदाच्या मूळ जागेपासून आतल्या टोकाच्या दिशेने अशा भोकांचे तीन पुंजके होते. पहिला दोन बोटांवर, दुसरा आणखी दोन बोटांवर, तिसरा त्याहून दूर. तिसऱ्यापाशी भोके मोठी होती, दोरा बरेच दिवस ओढला गेला असावा. धाकटीने टेप लावला. मूळ जागेपासून तिसऱ्या जागेपर्यंत सहा इंच भरले.

ती खुर्चीवर बसली. ताईने बंद तीनदा आत घेतला होता, आणि स्कर्ट इथे आणण्याआधी तो पुन्हा पहिल्या जागी शिवून वरून इस्त्री फिरवली होती. कागदावरचे शिक्के बघण्यात आयुष्य गेलेल्या बाईला सुईचाही शिक्का उमटतो हे सुचले नव्हते.

इस्त्री तापून टिकटिक करत होती. धाकटीने ती बंद केली. टेबलावर कापड उलगडलेले होते, खडू टोक काढून ठेवला होता, पण त्या सकाळी तिने काही कापले नाही.

तिच्या डोळ्यांसमोर दुसरे कपडे होते. ती बावीस वर्षांची असताना आईने तिच्याकडून आपले कपडे तीनदा शिवण आत घेऊन घट्ट करून घेतले होते. मशीन नवे होते, कॉलेजातून आल्यावर ती त्यावर हात बसवत होती, आणि आईचे काम म्हणजे सरावाला आयते कापड. शिलाई सरळ आली म्हणून तिसऱ्या वेळी आईने तिची पाठ थोपटली होती. कपडे का आत घ्यावे लागतात, हे तिने विचारले नव्हते. आईने सांगितले नव्हते. कळले तेव्हा डॉक्टरांनी फक्त वेदनेवरची औषधे लिहून दिली होती.

शिवणखोलीत तिच्या शेजारच्या मशीनवर बटणवाली बसे. खोलीतली सगळी बटणे तिच्याकडे, म्हणून ते नाव.

"आज काय मौनव्रत?" बटणवालीने दोऱ्याचे टोक दातांनी तोडत विचारले. "सकाळपासून एकच उशी शिवतेयस. आत कोणी झोपलंय का?"

"ताईकडे जाऊन येते मधल्या सुट्टीत."

"भांडलात?"

"अजून नाही," धाकटी म्हणाली.

टपाल कार्यालयात पार्सलांच्या खिडकीपुढे तीन माणसे होती. धाकटी त्यांच्या मागे उभी राहिली. ताई मान खाली घालून शिक्के मारत होती. कोटाच्या बाह्या मनगटावरून पुढे आल्या होत्या. तिने त्या एकदा दुमडल्या होत्या, तरी त्या पुन्हा खाली येत होत्या.

"पार्सल कुठलं?" ताईने वर न बघता विचारले.

"जुना स्कर्ट आहे. परत पाठवायचाय."

ताईने वर पाहिले. तिने जेवणाच्या सुट्टीची पाटी खिडकीत उभी केली आणि मागच्या खोलीचे दार उघडले. तिथे भिंतीला लागून पिशव्यांची रास होती आणि मधोमध पार्सलांचा मोठा काटा.

"आतला बंद किती वेळा हलवलास?" दार लागल्यावर धाकटीने विचारले.

"सैल झाला होता."

"माझा बंद सैल होत नाही."

"झाली आमच्या बाईसाहेबांची जाहिरात सुरू." ताई हसली, पण बहीण हसली नाही तेव्हा तिनेही चेहरा आवरला. "साखर सोडलीय मी. चालते रोज."

"सहा इंच?"

ताई पिशव्यांवर टेकली. तिने हनुवटीने काट्याकडे खूण केली. "सगळे गेले की त्याच्यावर उभी राहते. अकरा किलो. काटा बिघडलाय की काय म्हणून एकदा तांदळाची पिशवी ठेवून पाहिली. नाही बिघडलेला."

"डॉक्टर?"

"गेले होते. पाच आठवडे झाले. पोट दाबून बघितलं आणि तपासणीला चिठ्ठी दिली."

"मग तपासणी?"

"चिमणी गेली की करते."

"डॉक्टरांनी कधी सांगितली होती?"

"महिन्याच्या आत." ताईने बाही पुन्हा दुमडली. "टपालात आठवडाभर इकडेतिकडे चालतं."

बाहेर कोणीतरी खिडकीच्या लाकडावर नाणे वाजवत होते. ताईने सवयीने मान वळवली आणि मग मुद्दाम परत फिरवली.

"तेवीस दिवस राहिलेत," ताई हलक्या आवाजात म्हणाली. "दोनदा परीक्षा दिली पोरीने. नकाशे शिकायला एवढ्या लांबची जागा मिळाली. ठरलेल्या दिवशी हजर नाही झाली तर जागा दुसऱ्याला जाते, तसं पत्रातच लिहिलंय. तिला कळलं तर ती पाऊल उचलेल का? तूच सांग. तू उचललं होतंस?"

आईच्या आजारपणात धाकटीने कॉलेज सोडले होते, मधल्या वर्षात, आणि नंतर शिवणखोलीची नोकरी आली तेव्हा ती घेतली होती. या गोष्टीवर त्या दोघी आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"मी तेव्हा नोकरीला होते, म्हणून मी सुटले," ताई म्हणाली. "तुझं काय झालं ते मी रोज बघितलंय. तिचं तसं मला बघायचं नाही."

"माझं काही वाईट नाही झालं."

"बरं."

"ताई, तेवीस दिवसांत..."

"तिला एक शब्द सांगायचा नाहीस." ताई उभी राहिली. "म्हण."

"ताई."

"आधी म्हण."

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली.

ताईने दाराची कडी काढली आणि क्षणभर तिथेच थांबली. "आणि नव्यात आतला बंद शिवू नकोस. नुसता टाचून दे. मी माझा लावीन."

त्या आठवड्यात धाकटीने स्कर्ट कापला. कामात चूक झाली नाही, याचेच तिला वाईट वाटत होते. कळ्या जोडल्या, शिलाईच्या कडा उलगडून इस्त्री केली, खालची दुमड दोनदा वळवून बारीक टाक्यांनी धरली. बाहेरचे बंद तिरक्या कापडाचे न करता सरळ धाग्यावर कापले, म्हणजे ते ताणले जाणार नाहीत. नवरा रोज येऊन टेबलाची एक बाजू मोकळी करून जेवायला बसे. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ताईसाठी एवढं निगुतीने? मला एक पायजमा शिवलास त्याची नाडी अजून सापडत नाही." ती हसली, आणि मग तिने त्याला सगळे सांगितले.

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "शब्द दिलायस," तो म्हणाला.

"दिलाय."

"आणि पाळलास, आणि काही झालं, तर?"

"आणि मोडला, आणि पोरगी गेली नाही, आणि तपासणीत काहीच निघालं नाही, तर?" धाकटी म्हणाली.

शनिवारी दुपारी स्कर्ट पुरा झाला, फक्त आतला छोटा बंद राहिला. तो तिने शिवून, उलटवून, टोक काढून तयार ठेवला होता. सांगितल्याप्रमाणे टाचणीने अडकवून घडी घालायची, एवढेच उरले होते. तिने टाचणी घातली. ही एक टाचणी म्हणजे आईच्या कपड्यांवरची चौथी शिलाई होती. या वेळी ती स्वतः माहीत असून घालणार होती. चिमणीला सांगायचे नाही, हे कबूल केले होते. पण ताईने हलवत जावे म्हणून बंद मोकळा ठेवायचा, हे तिने कबूल केलेले नव्हते. तिसरीही एक गोष्ट होती: मापांचे आकडे चिमणीच लिहून घेते. शब्द न मोडता सांगण्याची ती पळवाट आहे, हे तिला स्वच्छ कळत होते. म्हणून तिने एवढे ठरवले, की जे करायचे ते ताईच्या पाठीमागे करायचे नाही. तिच्या तोंडावर, तिला नाही म्हणता येईल अशा बेताने करायचे.

तिने टाचणी काढून डबीत टाकली. पिशवीत स्कर्ट, सुई, निळा दोरा आणि टेप ठेवला. सगळ्यात शेवटी मापांची वही ठेवली.

रविवारी सकाळी ताईच्या घरी बाहेरच्या खोलीत पेटी उघडी पडली होती. चिमणी जमिनीवर बसून पुस्तकांमध्ये मोजे कोंबत होती.

"मावशी, आईला दोन-दोन स्कर्ट आणि मला साधा रुमाल नाही. लक्षात ठेवीन."

"तुला नकाशे काढायचेत ना? मग रुमालही कागदावर काढून घे."

"बघा," चिमणी म्हणाली, "अजून गेलेही नाही, आणि आताच ही किंमत."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंगात जुना, ढगळ गाऊन होता. "ठेव तिथे खुर्चीवर. मी नंतर घालून बघते."

"आतला बंद राहिलाय. माप लागेल."

"टाचून दे म्हटलं होतं."

"टाचणी सुटली तर पोटाला टोचेल. रुग्णालयातसुद्धा मी असा बंद कोणाला देत नाही." धाकटीने पिशवीतून टेप काढला, तो मानेभोवती टाकला, आणि वही पुढे केली. "चिमणे, लिहून घे."

चिमणीने पेटीतून पेन उपसले आणि मांडी घालून वही उघडली. ती पाने उलटत होती तोवर दोघी बहिणी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. धाकटी पुढे झाली नाही. दोघींच्या मधे चार पावलांची जागा होती आणि स्वयंपाकघराचे दार ताईच्या पाठीशी उघडे होते. दूध बघते, फोन येणार आहे, आज नको, यांपैकी काहीही म्हणायला पुरेल एवढा वेळ तिने जाऊ दिला. ताईचा हात एकदा दाराच्या चौकटीवर गेला. मग तो तिथून निघाला. ती खोलीच्या मध्यभागी आली आणि तिने दोन्ही हात अंगापासून दूर, खांद्याच्या उंचीवर धरले.

"उंची," धाकटी म्हणाली. "सदतीस."

"सदतीस," चिमणीने लिहिले.

"नितंब. साडेछत्तीस."

पेन क्षणभर अडखळले, पण चालले. धाकटीने ढगळ गाऊनवरून टेप फिरवला, कापड आवळून अंगाला भिडेपर्यंत ओढला आणि आपले बोट आत ठेवायला विसरली नाही. बहिणीच्या फासळ्या तिच्या मनगटाला लागल्या. ताई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होती.

"कंबर," धाकटी म्हणाली. "तीस."

"छत्तीस," चिमणी म्हणाली. "मागच्या पानावर छत्तीस आहे, मावशी. चुकलंय तुझं."

"मागच्या वेळी छत्तीस होती. आता तीस लिही."

"पुन्हा मोज ना."

"ये. तूच वाच."

चिमणी उठली. मोज्यांवरून, पुस्तकांवरून पाय टाकत ती आईजवळ आली आणि वाकून तिने टेपवरचा आकडा पाहिला. मग तिने तिथे बोट ठेवले. बोट तसेच राहिले. जवळून तिला गाऊनच्या आत आईची कमर कुठे आहे ते दिसत होते, आणि गाऊन कुठे आहे तेही.

"आई," ती म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिले नाही. "हात खाली घेऊ का?" तिने बहिणीला विचारले.

"घे."

ताईने हात खाली घेतले. ते दुखत असावेत. तिने एक खांदा दुसऱ्या हाताने दाबला. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरून थांबली.

"टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठी आहे," ताई म्हणाली. आवाज पार्सलाच्या खिडकीवरचा होता, सपाट आणि नेमका. "चष्म्याच्या डबीखाली. पाच... सहा आठवडे झाले तिला."

चिमणी आत गेली. ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला आणि मग कागद उलगडल्याचा.

"एक शब्द सांगितला नाहीस," ताई म्हणाली.

"नाही," धाकटी म्हणाली. आपण शब्द पाळला असे म्हणायला तिची जीभ धजावली नसती, आणि ताईनेही ते त्या अर्थाने म्हटले नव्हते.

तिने खुर्ची खिडकीजवळ ओढली. नवा स्कर्ट उलटा करून मांडीवर घेतला, आतल्या टोकापासून टेप लावला आणि तीस इंचांवर खडूची रेघ मारली. सुईत दुहेरी दोरा ओवला. छोटा बंद रेघेवर धरून ती टाके घालू लागली, कमरपट्टीचे दोन्ही पदर धरून, जवळजवळ, पहिल्यांदा चौकोन आणि मग मध्ये फुली. मशीन नव्हते, म्हणून वेळ लागला. आतून चिमणीने विचारले, "उद्या किती वाजता उघडतं ते तपासणी केंद्र?" आणि ताईने उत्तर दिले, "आठला." धाकटीने शेवटच्या टाक्यावर तीनदा गाठ मारली, बंद दोन्ही हातांनी ओढून पाहिला, आणि दोरा कापला.